वेलचीचा बन कोरडा का होतो आणि रायचा पाव चिकट का राहतो

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकहून स्वीडनला येऊन वर्ष होत आलं, शेजारणीच्या कृतीने केलेले वेलचीचे बन दुसऱ्या दिवशी दगड होतात, रायचा (राय हे गव्हासारखं थंड हवेतलं धान्य, मोहरी नव्हे) पाव आतून चिकट राहतो आणि सुरीला लागतो, घर शाकाहारी आहे तर इथलं पारंपरिक काय काय चालेल, आणि पावसाळ्यात घरी जाताना काय नेता येईल. मी गॉथेनबर्गला बेकरीत काम करते, त्याआधी कोपनहेगनला बराच काळ रायच्या पावावरच होते. त्या कामातून जे कळलं ते सांगते.

बनाचं दुखणं मापाचं आहे आणि रायच्या पावाचं दुखणं धान्याचं. आधी धान्याकडे बघू, कारण ते समजलं की इथल्या निम्म्या कृती आपोआप उलगडतात.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांमध्ये गहू हे सणाचं धान्य होतं. रोजच्या पोटाला राय, सातू आणि नॉर्वेत ओट. थंडी लांब, उन्हाळा तोकडा. उत्तरेकडे तर सातूच तेवढा वेळेत पिकायचा. त्यात भर गिरण्यांची. मध्य स्वीडनच्या पाणगिरण्या ओढ्याला पाणी असेल तेव्हाच चालत: वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदात पाऊस झाल्यावर. हिवाळ्यात ओढा गोठलेला. म्हणजे दळण वर्षातून दोनदा, आणि दळलेलं पीठ महिनोन् महिने टिकत नाही. मग एकदाच भट्टी लावायची, सगळ्या पिठाचा पाव करायचा आणि तो वाळवून ठेवायचा. क्नेकेब्रोद हा कुरकुरीत पाव असा जन्माला आला. तुम्ही दुकानात मोठ्या गोल चकत्या पाहिल्या असतील, मधोमध भोक असलेल्या. ते भोक शोभेचं नाही. त्यातून काठी ओवून चकत्या छताखाली टांगत, तिथे हवा कोरडी आणि उंदीर पोचत नाहीत. पश्चिम फिनलंडमध्येही रायचा भोकाचा पाव असाच टांगत.

उत्तरेला तुन्नब्रोद, म्हणजे सातूचा पातळ, पोळीसारखा पाव. गावात त्यासाठी भट्टीची वेगळी खोली असे, आणि शेजारपाजारच्या बायका आळीपाळीने एकत्र बसून तो करत. खाली स्कोने प्रांतात आणि डेन्मार्कमध्ये वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या, पीठ वर्षभर मिळायचं, म्हणून तिथे जाड, ओलसर, आंबट रायचा पाव वाढला. त्यामुळे एखादी जुनी कृती हातात आली की मी आधी दोनच गोष्टी बघते: धान्य कोणतं, आणि हा पाव किती दिवस टिकायला हवा होता. मळायचं किती, भाजायचं किती, कापायचं कधी, ते सगळं तिथून ठरतं.

आता तुमचा चिकट पाव. डॅनिश रुगब्रोद, म्हणजे तोच रायचा जाड पाव, बोलण्यात आला की लोक गव्हाच्या पावासारखं मळायला घेतात, आणि तिथेच गाडी घसरते. गव्हात ग्लुटेनचं जाळं तयार होतं, ते हवा धरून ठेवतं. रायमध्ये तसं जाळं धड बनत नाही. तिथे पाणी धरतात ते पेंटोसन नावाचे डिंकासारखे पदार्थ, म्हणून रायचं पीठ कितीही तिंबलं तरी हाताला चिकटतच राहतं. ते चिकटतंय म्हणून तुम्ही वरून पीठ घालत गेलात, तर पाव घट्टही होतो आणि चिकटही राहतो. रुगब्रोदचं मिश्रण जाड लापशीइतकंच घट्ट हवं. ते मळायचं नाही, लाकडी डावाने ढवळून भांड्यात ओतायचं.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. रायच्या पिठात स्टार्च तोडणारं अमायलेज नावाचं एंझाइम भरपूर असतं. रायचा स्टार्च ओव्हनमध्ये लवकर फुलतो, आणि नेमक्या त्याच तापमानाच्या टप्प्यात अमायलेजही जोरात काम करत असतं. ते फुललेला स्टार्च तोडत सुटतं आणि पावाच्या आत खळ तयार होते. तुमच्या सुरीला लागते ती हीच. याला लगाम घालतं आम्ल. रायचा पाव आंबट स्टार्टरवर, म्हणजे आंबवून जिवंत ठेवलेल्या पीठ-पाण्यावर, करण्याची चाल चवीपुरती नाही. त्या आम्लाने अमायलेज मंदावतं, मीठही या कामात आम्लाला थोडा हात देतं. तुम्ही लिहिलंय की वेळ नव्हता म्हणून स्टार्टरऐवजी नुसतं यीस्ट घातलं. पाव फुगला असेल, पण आतून बिघडला तो तिथेच.

मी घरी करते ते प्रमाण देते, दोन लिटरच्या लांबट साच्यासाठी. रात्री एका भांड्यात २५० ग्रॅम फोडलेली राय, १०० ग्रॅम सूर्यफूल आणि जवस मिळून, आणि ३५० ग्रॅम पाणी. दुसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम जागा स्टार्टर, २०० ग्रॅम रायचं सबंध पीठ, २५० ग्रॅम कोमट पाणी. दोन्ही झाकून बारा-चौदा तास. सकाळी स्टार्टरच्या भांड्याला सफरचंदासारखा आंबट वास यायला हवा आणि वर बुडबुडे दिसायला हवेत. नुसता पिठाचा वास आला तर आणखी थांबा, पुढे जाऊ नका. मग दोन्ही एकत्र करून त्यात २५० ग्रॅम रायचं पीठ, १५ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा काळं सिरप आणि अंदाजे १०० ग्रॅम पाणी. दहाएक मिनिटं डावाने ढवळायचं. तूप किंवा लोणी लावलेल्या साच्यात भरायचं, ओल्या हाताने वरून सारखं करायचं.

आता साचा उबदार जागी ठेवून पृष्ठभागाकडे बघत राहायचं. दोन-तीन तासांत मिश्रण तिसऱ्या हिश्श्याने वर येतं आणि वरच्या गुळगुळीत थरावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं उमटू लागतात. पहिली पाच-सात भोकं दिसली की ओव्हन तापलेला असला पाहिजे. सगळीकडे भोकं पडून मधला भाग बसायला लागेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला, पाव भाजताना खचतो. १८० अंशांवर सव्वा ते दीड तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पावाच्या पोटात ९७-९८ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर घ्या, रायच्या पावात वरच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि मग कापायचा नाही. साच्यातून काढून जाळीवर पूर्ण गार करायचा, सुती कापडात गुंडाळायचा आणि चोवीस तास ठेवून द्यायचा. पावातलं पाणी या वेळात दाण्यांत आणि कडांपर्यंत सारखं पसरतं, स्टार्च घट्ट होतो. चांगला भाजलेला पावही दोन तासांनी कापला तर चिकट लागतो. कोपनहेगनच्या बेकरीत नव्या मुलांना आम्ही आदल्या दिवशीचा आणि त्याच दिवशीचा पाव शेजारी ठेवून कापून दाखवत असू. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा कुणी घाई करत नाही.

उरलेला, कडक झालेला रुगब्रोद टाकू नका. डॅनिश घरांत त्याचे तुकडे पाण्यात आणि हलक्या, गोडसर बिअरमध्ये भिजवून, शिजवून, घोटून ओलेब्रोद नावाची खीर करतात, वर क्रीम घालून खातात. बिअर नको असेल तर सफरचंदाचा रस आणि लिंबाची साल घालून करा, छान होते.

जे अमायलेज डेन्मार्कमध्ये पाव बिघडवतं, त्याच्याकडून आइसलंडमध्ये मुद्दाम काम करवून घेतात. तिथे रायचा पाव बंद डब्यात भरून गरम झऱ्यांजवळच्या जमिनीत पुरतात. लौगरवात्न तलावाच्या काठी काळ्या वाळूत हे अजूनही करतात, साधारण चोवीस तास. मंद आच, भरपूर वेळ आणि वाफ, यात स्टार्चची साखर होत जाते आणि पाव गडद, ओला, गोड निघतो. त्यावर गार लोणी. माझ्या मते रायची सगळ्यात सुंदर चव हीच.

आता बन. तुमच्या शेजारणीची कृती बरोबर आहे, तिच्यात खोट नाही: ५ डेसिलिटर (१ डेसिलिटर म्हणजे १०० मिली) दूध, ५० ग्रॅम ताज्या यीस्टची वडी, १५० ग्रॅम लोणी, दीड डेसिलिटर साखर, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा वेलची, १३ ते १४ डेसिलिटर मैदा. स्वीडनमधल्या घरोघरीच्या गोड पिठाचं प्रमाण थोड्याफार फरकाने हेच असतं, कारण यीस्टची वडी ५० ग्रॅमची आणि एक वडी अर्ध्या लिटरला पुरते.

चुकतं ते डेसिलिटरमध्ये. स्वीडिश कृतीत १ डेसिलिटर मैदा म्हणजे ६० ग्रॅम धरलेला असतो, चमच्याने हलकेच भरून वरून सारखा केलेला. आपण माप थेट पिठाच्या पिशवीत खुपसून भरतो, पीठ दाबलं जातं आणि तेच माप सहज ७० ग्रॅमवर जातं. चौदा मापांना १४० ग्रॅम मैदा जास्त पडला. एवढ्याने बनाचा दगड होतोच. म्हणून वजनकाटा काढा आणि ८०० ग्रॅम मैदा मोजून घ्या. तेवढ्यात मळायला सुरुवात करा, बाकीचा अगदीच लागला तर. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल, चिकटू द्या. मशीनवर दहा मिनिटं, हाताने पंधरा, की ते भांड्याच्या कडा सोडतं. इथे गव्हाचा मैदा आहे, त्याला मळणं मानवतं.

दूध ३७ अंश, म्हणजे बोट घातल्यावर गार-गरम काहीच वाटू नये. भाजायचं २२५ अंशांवर आठ-दहा मिनिटं. तुम्ही १८० वर पंचवीस मिनिटं भाजलेत असं लिहिलंय, त्यातच उरलासुरला ओलावा उडाला. लहान बनाला आच कडक आणि वेळ कमी. ओव्हनमधून काढल्याबरोबर स्वच्छ कापड टाकून झाका, वाफ आतच राहते. ज्या दिवशी खायचे नाहीत ते गार झाल्याझाल्या फ्रीजरमध्ये, कारण गव्हाचा बन दुसऱ्या दिवशी शिळा होणारच. इथल्या आज्यासुद्धा फ्रीजर भरूनच ठेवतात.

वेलचीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण एक आहे. चांगल्या बनाला इथे तिची बारीक पूड घालत नाहीत. नुसते काळे दाणेही पाकिटात मिळतात. ते खलबत्त्यात भरडायचे, दाताखाली यायला हवेत. आपण श्रीखंडाला करतो तशी बारीक पूड घातली तर सगळा स्वाद पिठात हरवतो. अर्धी वेलची दुधात लोण्याबरोबर कोमट करून घ्या आणि अर्धी सारणात लोणी-साखरेबरोबर. घरून आणलेले हिरवे वेलदोडे असतील तर तेच सोलून घ्या.

दालचिनीच्या बनाचा ४ ऑक्टोबरला इथे वार्षिक दिवस असतो, १९९९ पासून. पण हा बन फार जुना नाही. पहिल्या महायुद्धानंतर साखर, लोणी, मैदा सहज मिळू लागले तेव्हा तो पसरला, आणि घराघरांत रुळला १९५० च्या दशकात. खरं जुनं दैवत सेमला. ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधीच्या मंगळवारी खायचा हा बन. वेलचीच्या पिठाचा गोल बन करायचा, वरचं टोपण कापायचं, आतला मऊ भाग काढून बदामाच्या लगद्यात थोड्या दुधाबरोबर कालवायचा, परत भरायचा, वर फेटलेलं क्रीम आणि टोपण. जुनी पद्धत म्हणजे तो खोलगट ताटलीत ठेवून वरून गरम दूध ओतायचं. राजा आडोल्फ फ्रेडरिक १२ फेब्रुवारी १७७१ ला, अशाच मंगळवारी, भरपेट जेवणानंतर वारला. त्या जेवणात दुधातला सेमला होता, आणि इथली पोरंसोरंही ही गोष्ट सांगतात.

१३ डिसेंबरच्या लुसियाच्या सणाला केशराचे बन. ते तर हमखास कोरडे होतात, कारण केशर जास्त पडलं की पीठ रुक्ष लागतं आणि कडवटही. इथे अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या मिळतात. ५ डेसिलिटर दुधाला दोन पुड्या बास. साखरेच्या खड्याबरोबर केशर खलून ते कोमट दुधात किंवा लोण्यात सोडायचं. आणि पिठात २५० ग्रॅम क्वार्ग, म्हणजे इथलं घट्ट आंबूस चीज, घालायचं. मऊपणा दोन दिवस टिकतो.

डेन्मार्कच्या पापुद्र्यांच्या गोड पेस्ट्रीला जगभर डॅनिश म्हणतात, डॅनिश लोक मात्र तिला व्हिएन्नाचा पाव म्हणतात. १८५० मध्ये कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणले, आणि त्यांची घडी घालण्याची रीत डॅनिश लोण्यात मुरली. ती घरी करायच्या भानगडीत पडू नका, चांगल्या बेकरीतून आणा.

तुम्ही सुरुवात कुठून करावी विचारलंत. ज्या हाताला पोळपाट-लाटण्याची सवय आहे त्याने नॉर्वेच्या लेफ्सेपासून, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीपासून, करावी. बटाटा अठराव्या शतकात आला आणि त्याने नॉर्वेच्या तव्यावर कायमची जागा केली. एक किलो पिठूळ बटाटे, नवे किंवा चिकट नकोत, उकडून गरम असतानाच किसणीतून काढायचे. थोडं लोणी, क्रीम, मीठ. मग पूर्ण गार, शक्यतो रात्रभर. २५० ते ३०० ग्रॅम मैदा लाटायच्या अगदी आधीच मिसळायचा. आधी मिसळून ठेवलात तर बटाटा पाणी सोडतो आणि पीठ सैल होत जातं. मोठा सपाट तवा कडक तापवून, कोरडाच, तेल-तूप काही नाही. तपकिरी ठिपके आले की उलटायचं, लांब चपट्या काठीने. काढल्यावर एकावर एक रचून कापडाखाली, म्हणजे वाफेने मऊ राहतात. लोणी, साखर, दालचिनी लावून घडी. पहिल्याच खेपेला जमेल तुम्हाला.

तिथून पुढे सातूचा तुन्नब्रोद. सातूच्या पिठाला ताण नसतो, लाटताना कडा फाटतात. तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो तेच इथेही कामी येतं: गरम द्रवाने थोडा स्टार्च आधीच फुलतो आणि तोच पीठ बांधून धरतो. नॉर्वेत काही प्रकारच्या लेफ्सेंना पिठावर उकळतं दूध ओततात, स्वीडनमध्ये रायच्या पावाचं पीठही उकळत्या पाण्याने कालवतात. पहिल्यांदा निम्मा मैदा घाला, मग हळूहळू सातू वाढवा. लाटणं मात्र इथलं घ्या, टोकदार गाठींचं. त्या गाठींनी पोळीला टोचे पडतात, वाफ निघून जाते आणि ती फुग्यासारखी फुगत नाही.

शाकाहारी घरासाठी बातमी चांगली आहे. रुगब्रोद, क्नेकेब्रोद, बटाट्याची लेफ्से यांत सहसा अंडं नसतं. वेलची-दालचिनीच्या बनाच्या पिठातही सहसा नसतं, फक्त वरून अंडं फासतात. त्याऐवजी दूध फासा, चकाकी थोडी कमी येते इतकंच. नाताळातली आल्याची पातळ बिस्किटं बहुतेक कृतींत बिनअंड्याची. ‘स्वप्नं’ नावाची पांढरी, तोंडात विरघळणारी बिस्किटं तर जरूर करा. त्यांत हरणाच्या शिंगाचं मीठ लागतं, नाव ऐकून दचकू नका. पूर्वी ते खरंच शिंगापासून काढत. आज पाकिटात असतं ते कारखान्यात बनवलेलं अमोनियम कार्बोनेट. भाजताना अमोनियाचा वास सुटतो, खिडकी उघडा. गार झाल्यावर वास राहत नाही. ते फक्त छोट्या, कोरड्या बिस्किटांत वापरायचं. जाड केकमधून तो वायू बाहेर पडू शकत नाही आणि चव बिघडते.

सावध राहायचं ते चीज, क्वार्ग आणि स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातल्या ओस्टकाकाबाबत. ओस्टकाका हा दुधाचा चक्का करून भाजलेला फार चविष्ट गोड पदार्थ, कोमट असताना जॅमबरोबर खातात. पण त्यात अंडी असतात, आणि दूध रेनेटने विरजतात, जे मुळात वासराच्या जठरातून काढतात. वेष्टनावर ‘मिक्रोबिएल्ट लोपे’ असं लिहिलं असेल तर ते रेनेट सूक्ष्मजीवांपासून काढलेलं, तुम्हाला चालेल. नुसतं ‘लोपे’ असेल तर दुकानात विचारा. थंड मूस किंवा जेली लावलेल्या केकांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असू शकतं, तेही बघून घ्या.

आणि नाशिकला नेण्याचं. रायचे दाणे नेऊ नका, धान्य-बियाण्यांना वनस्पती संगरोधाचे नियम लागतात. रायचं सबंध पीठही नको. त्यातलं तेल आपल्याकडच्या उष्म्यात लवकर खवट होतं. रुगब्रोद नेलात तर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरेल. क्नेकेब्रोदची बंद पाकिटं न्या, त्याचा जन्मच टिकण्यासाठी आहे. फक्त पाकीट उघडलं की ते दमट हवा शोषून मऊ पडतं, म्हणून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायला सांगा. मऊ पडलंच तर ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा मिनिटं, किंवा अगदी मंद आचेच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच परत येतो. आई-बाबांना दात जपायचे असतील तर जाड गावरान प्रकार टाळून पातळ चकत्यांचं पाकीट घ्या, वर लोणी आणि काकडी.